बेदाण्याच्या पैशातला गेमिंग पीसी

मागच्या अंकात कॉम्प्युटर जोडणीबद्दल प्रश्न पाठवा असं सहज म्हणून गेलो आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत तर एकच ओळ आहे, 'इतक्या पैशात कुठला पीसी घेऊ'. सगळ्यांना वेगवेगळं सांगायला जागा नाही, म्हणून आपल्या सांगली जिल्ह्यातली पाच पत्रं निवडलीत, बाकीच्यांनी आपापलं उत्तर त्यातच शोधायचं.

प्रश्न : दादा, माझी बारावी झाली, सांगलीत इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालंय. पप्पांनी बेदाणा विकल्यावर ६० हजार बाजूला काढून दिलेत, मॉनिटर-कीबोर्ड धरून सगळं त्यातच बसवायचंय. एका दुकानात 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, लायटिंगवाला कॅबिनेट' असा सेट ३२ हजारात सांगितलाय. तो घेऊन उरलेल्या पैशात मोठा मॉनिटर घेऊ का? मित्र म्हणतो बाकी सगळं जुनं चालतंय, तू फक्त आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड टाक. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि कॉलेजचं ऑटोकॅड एवढं वापरणार. — एक वाचक, पलूस

उत्तर : भावा, दुकानदाराला आधी एवढंच विचार, हा आय-सेव्हन प्रोसेसर इंटेलच्या कितव्या जनरेशनचा, म्हणजे कितव्या पिढीचा? आय-सेव्हन हे पाटील आडनावासारखं झालंय, नुसत्या आडनावावरून माणसाकडं किती एकर बागायत आहे ते कळत नाही. ३२ हजारात एवढं सगळं बसतंय म्हणजे बहुतेक तो चौथ्या जनरेशनचा आय७-४७७० किंवा त्याच्याही आधीचा असणार. ४७७० आला २०१३ ला. चार कोर (काम करणारे चार गडी), आठ थ्रेड (ते एका वेळी धरतात ती आठ कामं), जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. २०२२ ला आलेल्या आय३-१२१००एफ लाही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, पण गेममध्ये तो या जुन्या आय-सेव्हनला आरामात मागं टाकतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते. जुगाड करून विंडोज ११ टाकून देतो म्हणणारे भेटतील, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे ज्या गेमसाठी घ्यायचा तोच चालायचा नाही.

आता ते '४ जीबी ग्राफिक कार्ड'. अशा सेटमध्ये जास्त करून जीटी ७३० बसवलेलं असतं, २०१४ चं कार्ड. जीबी म्हणजे टाकी केवढी आहे ते, पण द्राक्षाला पाणी देताना तू टाकीबरोबर पाईप केवढा आहे तेही बघतोसच ना? ६४-बिट डीडीआर३ वाल्या जीटी ७३० च्या मेमरीतून सेकंदाला साधारण १४ जीबी माल ये-जा करतो, आरएक्स ६६०० या कार्डाला हाच आकडा २२४ जीबी आहे. टाकी ४ जीबीची करा नाहीतर ४० ची, एवढ्याशा पाईपातून शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचत नाही. तो सेट सोडून दे.

मित्राचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, कारण ४०६० कार्ड खरंच चांगलं आहे, ११५ वॅटच घेतं. पण प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्राला, आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठं उभा आहे, गोळी कुठं लागली, भिंतीमागं कोण आहे, आणि मग कार्ड ते चित्र रंगवतं. प्रोसेसर सेकंदाला ७० फ्रेमच तयार करून देत असेल तर कार्डाची ताकद २०० ची असली तरी स्क्रीनवर ७० च येणार, आणि व्हॅलोरंट तर प्रोसेसरवरच जास्त अवलंबून असलेला गेम आहे. तरणा खिलार खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपला तर औत कुणाच्या चालीनं चालतं ते पलूसच्या पोराला मी काय सांगायचं.

माझी पद्धत जरा उलटी आहे. मी मॉनिटरपासून सुरू करतो. १०८० पी स्क्रीनवर साधारण २१ लाख ठिपके असतात, १४४० पी वर ३७ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कार्डाला पाऊणपट जास्त काम. ६० हजारात सगळं बसवायचं तर १०८० पी च, २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, आणि रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते) १०० हर्ट्झच्या पुढं जेवढा परवडेल तेवढा. २७ इंची घ्यायचा मोह होईल, पण १०८० पी ला तो जवळून बघताना अक्षरं फुटल्यासारखी दिसतात आणि ऑटोकॅडच्या बारीक रेषा बघताना तर जास्तच जाणवतं. एकदा स्क्रीन ठरली की कार्ड आपोआप ठरतं, १०८० पी ला आरएक्स ६६०० किंवा त्या भावात त्याच ताकदीचं जे मिळेल ते, ८ जीबी मेमरीच्या खाली जाऊ नको. एकूण बजेटचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त कार्डावर गेला तर बरोबर चाललंय समज.

त्याच्या जोडीला रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोर बारा थ्रेडचे, कुठला स्वस्त मिळतोय तो घे, यावर मित्रांत भांडणं लावून घेऊ नको. ५६०० बरोबर डब्यातच कूलर येतो आणि या कामाला तो पुरतो, पाण्यावरचा कूलर घेऊन पैसे पाण्यात घालू नको. ऑटोकॅडचं म्हणशील तर त्याचं टू-डी काम बहुतेक एकाच कोरवर चालतं, त्याला हे प्रोसेसर भरपूर झाले. ५६०० घेतलास तर मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) बी५५० घे, बी४५० मिळाला तरी चालेल, फक्त जुन्या स्टॉकमधला बी४५० असेल तर ५००० सिरीजसाठी बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून दे असं दुकानातच सांग, नाहीतर घरी आणून बटण दाबशील तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील.

रॅम १६ जीबी पण ८-८ च्या दोन पट्ट्या, १६ ची एक नको, कारण दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला मेमरीकडं जायला दोन रस्ते मिळतात. २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरवाल्यांच्या मागणीमुळं रॅमचे भाव चढलेत, म्हणून ३२ चा विचार आत्ता डोक्यातच आणू नको. स्टोरेजला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. जीटीए ५ एकटाच १०० जीबी खातो, तेव्हा १ टीबी परवडली तर घे, नाही परवडली तर गेम काढत-घालत बस, त्यात काही बिघडत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचा बघ, काचेचा नको. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो आणि काच लावलेल्या कॅबिनेटात हवा जायला जागाच नसते, मग आतली लायटिंग कितीही भारी दिसू दे. आणि सगळ्यात शेवटी जिथं लोक पैसे वाचवतात तो एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), त्याचं पुढच्या उत्तरात वाच, तुझ्यासाठीच लिहिलंय असं समज.

सगळ्याचं पक्कं जीएसटी बिल घे. 'बिल नको असेल तर १८ टक्के कमी' असं कुणी म्हटलं की सरळ बाहेर पड, वॉरंटीच्या वेळी तोंडी शब्दाला कोण विचारत नाही.

प्रश्न : आमची वस्ती रानात आहे. शेजारच्या मोटारी सुरू झाल्या की लाईट डिम होते, आणि गेलेली लाईट परत येताना बल्ब एकदम भगभगीत होतात. कॉम्प्युटर घेतला तर टिकेल का? कॅबिनेटबरोबर ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळतोय, तो चालेल का? यूपीएस केवढा घ्यावा? — द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : काका, फुकटच्या एसएमपीएसची गोष्ट माझ्याकडूनच ऐका. माझा पहिला पीसी मी मिरजेत भाड्याच्या खोलीत असताना जोडला होता आणि कॅबिनेटबरोबर असाच '५०० वॅट' छापलेला एसएमपीएस फुकट आला होता. मे महिन्यातली दुपार, गेम सुरू करून दहाएक मिनिटं झाली असतील, दिवाळीतली लवंगी फुटावी तसा आवाज आला आणि खोलीभर जळक्या माशासारखा वास. एसएमपीएस गेला त्याचं दुःख नव्हतं, जाताना बोर्ड घेऊन गेला. नंतर त्याचं स्टिकर नीट वाचलं तर १२ व्होल्टपुढं १० अँपिअर लिहिलेलं. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे वॅट नुसते स्टिकरवर शोभेला.

म्हणून दुकानात गेलात की एसएमपीएस उलटा करून स्टिकर वाचा, १२ व्होल्टचे अँपिअर बघा, त्याला १२ नं गुणा, आणि येणारा आकडा डब्यावरच्या वॅटच्या जवळपास असेल तरच घ्या. वर पलूसच्या वाचकाला सांगितलेल्या जोडणीत कार्ड १३२ वॅट घेतं, प्रोसेसर फार तर ७५-८०, बाकी सगळं मिळून ५० धरा, म्हणजे २६० च्या आसपास. नावाजलेल्या कंपनीचा खराखुरा ४५० वॅट यात सहज चालतो, ५५० घेतला तर पुढं मोठं कार्ड टाकायला वाव राहतो. '८० प्लस ब्राँझ' असं लिहिलेलं असतं, ते वीज किती वाया जात नाही याचं सर्टिफिकेट आहे, आतल्या मालाच्या दर्जाचं नाही, तरीपण ती खूण नसलेला माल सहसा मी घेत नाही.

आता व्होल्टेज. चांगले एसएमपीएस १०० पासून २४० व्होल्टपर्यंत आपोआप सांभाळून घेतात, त्यामुळं मोटारी चालू होऊन लाईट डिम झाली तर ते फारसं मनावर घेत नाहीत. स्वस्तातल्या काही एसएमपीएसना मागं लाल रंगाचं ११५/२३० चं बटण असतं, ते घेऊच नका, आणि घरात आधीचा तसला असेल तर पोरांना सांगून ठेवा, ते बटण ११५ वर सरकलं की आपल्या २३० व्होल्टवर धूरच निघणार. खरा धोका तुम्ही लिहिलाय तो, लाईट परत येतानाचा झटका. लाईट गेली की प्लग काढून ठेवायचा, आली की पाच मिनिटं जाऊ द्यायची, व्होल्टेज स्थिर झालं की मग चालू करायचं. तुम्ही मोटारीच्या स्टार्टरला हाच नियम लावत असणार.

यूपीएस ६०० व्हीए चा म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. गेम चालू असताना मॉनिटरसकट ३०० च्या घरात लोड गेला तर तो काठावर येतो आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की दमच धरत नाही, म्हणून १ केव्हीए चा बघा. तो गेम पुढं खेळायला नसतो, सेव्ह करून बंद करायला असतो, हे घरातल्या गेमरला आधीच ठणकावून सांगा.

आणि अर्थिंग! वस्तीवर निम्म्या घरांत तिसरी पिन नुसती दाखवायला असते. कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजायचं अर्थिंग नाही. वायरमनकडून कोळसा-मीठ घालून खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडून देतो म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गेमिंग पीसी हवा म्हणून सहा महिने मागं लागलाय. आत्ता ३५ हजारांच्या वर मी जाणार नाही. ग्राफिक कार्ड पुढच्या वर्षी घेतलं तर चालेल का, की सगळं एकदमच घ्यावं लागतं? — एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, चालतं, आणि तुमच्या बाबतीत तर मी तेच सुचवीन. फक्त प्रोसेसर नीट निवडा. इंटेलच्या नावापुढं एफ असेल किंवा साधा रायझन ५ ५६०० असेल तर त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. कितीतरी घरांत असा पीसी येतो आणि मग 'कार्ड आत्ताच घ्यायला लागतंय' असं पोरगं साळसूदपणे सांगतं. तुम्ही रायझन ५ ५६००जी घ्या. त्यात साधारण ग्राफिक्स आतच असतं, व्हॅलोरंट आणि जुना जीटीए ५ कमी सेटिंगला बरे चालतात.

या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं, म्हणून इथं ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावणं अगदी गरजेचं. दुकानदार 'आत्ता एक लावू, नंतर दुसरी' म्हणेल, नाही म्हणा, एका पट्टीवर गेमचा वेग बराच खाली येतो. एसएमपीएस मात्र आत्ताच ५५० वॅटचा चांगला घ्या म्हणजे पुढच्या वर्षी कार्ड नुसतं खोचायचं. एक कमीपणाही सांगतो, ५६००जी मध्ये कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) साध्या ५६०० च्या निम्मी आहे, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि कार्डाला जोडणारा रस्ता जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. पुढं कार्ड लावल्यावर तो साध्या ५६०० पेक्षा थोडा मागं पडतो, पण वर्षभर कार्डाशिवाय काम चाललं त्या बदल्यात हे चालवून घ्यावं. फक्त कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका, त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन आहेत आणि ३.० च्या रस्त्यावर ते फार मार खातं. मुलगा ८५००जी म्हणून नवीन नाव सुचवेल, तर त्यात कार्डासाठी चारच लेन मिळतात आणि वर महागडी डीडीआर५ रॅम लागते, तेव्हा तेही नको.

तो 'अभ्यासासाठीच' म्हणतोय का? माझ्या आईला मीही तेच सांगितलं होतं.

प्रश्न : आमचं सतारीचं काम आहे. मुलासाठी एक जुनं आरएक्स ५८० कार्ड मिळतंय, विकणारा म्हणतो अजिबात मायनिंगला वापरलेलं नाही. कसं ओळखायचं? — मिरज

उत्तर : कुठलाच विकणारा मायनिंगला वापरलं होतं असं सांगत नाही. इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांवर सतत गणितं सोडवून चलन मिळवणं) १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि त्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ढिगानं आली, ५८० त्यात भरपूर. पण मायनिंग केलं म्हणजे कार्ड मेलंच असं नाही. तुम्ही सतारीचा भोपळा ठोकून बघता, जवारी ऐकता, नुसता पॉलिश बघून पैसे देत नाही, तेच इथं करायचं. कार्ड चालू पीसीत लावून दाखव म्हणा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, शेडर (कार्डातले गणित करणारे छोटे भाग) २३०४ दाखवायला हवेत. २०४८ दाखवलं तर ते कापलेलं मॉडेल आहे, भाव पाडून मागा. मग फरमार्क नावाचं, कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे आले तर हात जोडून घरी या. तापमान ८५ च्या वर चढतच गेलं तर चिपवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलीय, तो खर्च किमतीतून वजा करा. पंखे बोटानं हळू फिरवून बघा, खरखर लागता कामा नये.

आणि आपल्या भागापुरतं एक जास्तीचं, स्क्रूच्या खाचेत आणि मागच्या पत्र्याच्या पट्टीवर गंज किंवा गाळासारखं काही वाळलेलं दिसतंय का ते बघा. २०१९ आणि २०२१ ला इथं किती घरांत पाणी शिरलं ते तुम्हाला सांगायला नको, भिजून वाळवलेला माल आज चालेल आणि पावसाळ्यात बंद पडेल. ५८० हे २०१७ चं कार्ड आहे, १८५ वॅट खातं, ८ जीबीचंच घ्या, आणि नव्या कार्डाच्या निम्म्याहून बऱ्याच कमी भावात मिळत असेल तरच.

प्रश्न : ५६००जी होता, त्यात नवीन आरएक्स ६६०० टाकलं, मॉनिटर १६५ हर्ट्झचा घेतला, तरी गेम पहिल्यासारखाच अडकतोय. दुकानदार म्हणतो प्रोसेसर बदला. — विटा

उत्तर : प्रोसेसर राहू द्या. पीसीच्या मागं जाऊन बघा, मॉनिटरची केबल वर बोर्डाच्या पोर्टला लावलीय का? असणार. तुमच्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स आहे त्यामुळं तिथंही चित्र येतं आणि नवीन कार्ड आपलं पंखे बंद करून निवांत बसतं. केबल काढून खाली कार्डाच्या आडव्या पोर्टला लावा, डिस्प्लेपोर्टची केबल मिळाली असेल तर तीच. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन ६० चं १६५ करा, ते आपोआप होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड ३२०० च्या जागी २४०० किंवा २६६६ दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा, बोर्डानुसार तिथं डीओसीपी असंही लिहिलेलं असतं.

एवढं करूनही अडकलं तर गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के होतोय ते बघा. ९५ च्या पुढं असेल तर कार्ड जीव तोडून पळतंय, सेटिंग कमी करा. ५०-६० वरच रेंगाळत असेल तर रिझोल्युशन मुद्दाम ७२० पी करून बघा, फ्रेम वाढल्याच नाहीत तर मग दुकानदार बरोबर आहे. पण आधी केबल.